कल्याणच्या गाडीतळावरची रिकामी जागा

आमचे व्याही ठाण्याच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. परवा जेवणं झाल्यावर पान लावता लावता त्यांनी मला सहज विचारलं, "तुमची नोकरी नेमकी कसली होती हो?" मी म्हटलं, "गाड्या उभ्या करायची." ते हसले. हसणं आवरून पुन्हा म्हणाले, "ते झालं हो, पण काम काय करत होता?" आता काय सांगणार? हेच काम करत होतो. काळ्याचे पांढरे झाले तोवर हेच केलं, आणि बरं केलं असं माझं मत आहे. या अंकाच्या चालकांनी जुन्या कामाविषयी काही लिहा म्हणून आग्रह केला, तेव्हा पहिला विचार आला तो हा की व्याह्यांना एकदाचं उत्तर मिळेल.

गाडीतळ म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. कल्याणला खाडीच्या अंगाला एक मोठं मैदान होतं. तीन बाजूंना दगडी गडगा, चौथ्या बाजूला फाटक, पश्चिमेच्या अंगाला विहीर आणि फाटकापाशी दोन चिंचा. घाटावरून गहू, बाजरी, गूळ घेऊन बैलगाड्या उतरायच्या त्या इथे येऊन सुटायच्या. माल होडीत चढायचा नाहीतर आगगाडीत, आणि परतीला गाडीवाले भात, मीठ, सुकी मासळी भरून न्यायचे. या येण्याजाण्यात त्यांचा मुक्काम कधी एक दिवस, कधी आठवडा. मुक्काम कसला, संसारच तो. गाडीच्या वर बिऱ्हाड झोपायचं, खाली तीन दगडांची चूल, दांडीला पोराची झोळी, आणि आसाला टांगलेला वंगणाचा नळा. घाटावरचं घर महिनोन्‌महिने बंद असे. खरं घर दोन चाकांवर माझ्यासमोर उभं असे, आणि त्या घराला अंगण किती द्यायचं हे मी ठरवत असे. तळाचा ठेका एका शेठकडे होता. मी त्यांचा मुकादम.

जागा कमी आणि गाड्या फार, हे माझ्या धंद्याचं सगळं दुखणं. गाडीचं धूड दिसतं तेवढं मोठं नसतं. जागा खाते ती पुढची लांब दांडी, आणि त्याहून जास्त खातात बैल. बैल बसतो तेव्हा एक गाडी मावेल एवढी जागा अडवतो, आणि एकदा बसला की त्याला मुकादमाची ओळख राहत नाही. म्हणून आमच्या तळावर रीत अशी होती की गाड्या एकामागे एक लावायच्या आणि प्रत्येकाने आपली दांडी पुढच्या गाडीच्या पोटाखाली सरकवायची. दोन रांगांमध्ये एक बोळ ठेवायचा. जो आधी निघणार तो फाटकाशी, जो रेंगाळणार तो आत. गवताच्या गाड्या चुलींपासून लांब. गुळाच्या गाड्या विहिरीपासून लांब, कारण मुंग्या आणि माश्या पाण्यावर येतात. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. पाय भाजले, शिव्या खाल्ल्या की येतं.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची. एक शास्त्रीबुवा दमणीतून, म्हणजे छत घातलेल्या गाडीतून, सहकुटुंब नाशिकला निघाले होते. उतरल्या उतरल्या मला म्हणाले, "मुकादम, जागा अशी द्या की पाणी जवळ हवं, सावली हवी, चुलीचा धूर नको, बैलांचं शेण नको आणि शेजारी कुणी नको."

मी म्हटलं, "शास्त्रीबुवा, अशी जागा तळावर एकच आहे. विहिरीच्या आत."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी निघताना मात्र त्यांनी पळीभर तीर्थ माझ्या हातावर घातलं आणि म्हणाले, "जिव्हा आवरा, बाकी माणूस बरे आहात." ते मी मनाला लावून घेतलं नाही, आणि जिव्हाही आवरली नाही.

दुसरी हिरूबाय. खाडीवरच्या कोळीवाड्यातली, चाळिशी उलटलेली, आवाज असा की होडीतून बोलली तर तळावर ऐकू यावी. सुक्या बोंबलाची गाडी घेऊन ती शहापूरच्या बाजाराला जाई. कल्याणला दुपारनंतर वारा खाडीकडून सुटतो. म्हणून तिची गाडी मी नेहमी पूर्वेच्या गडग्याला, अगदी टोकाला लावत असे. म्हणजे वास गडग्यापलीकडे जाई आणि घाटावरच्या माळकरी मंडळींच्या जेवणात येत नसे. हे तिला कधी पटलं नाही.

"मना कनाला रोज कोपऱ्यान टाकतंस, मुकादमा? माजे बोंबलाना काय रोग झालाय?"

"वारा पश्चिमेचा आहे, हिरूबाय."

"वाऱ्याला नाक नाय. नाक तुज्या त्या घाटी लोकांना हाय. त्यांना नेऊन टाक कोपऱ्यान."

तिसरा किसन घिसाडी. याचा मी तळावर उगाच लाड करत असे. किसनची गाडी सगळ्यांत लहान, आणि तिच्यावर सगळ्यांत मोठा संसार. ऐरण, भाता, कोळशाचं पोतं, कोंबड्यांचं खुराडं, बाज, मडकी, आणि या सगळ्यावर त्याची बायको गंगी. गाव असं त्यांना नव्हतंच. कुणाच्या चाकाची लोखंडी धाव सैल झाली, की किसन विहिरीपलीकडे गडग्याशी भाता लावून बसायचा, आणि दुपारपर्यंत चाक पुन्हा ठणठणीत. विस्तवाची भीती म्हणून मी त्याला नेहमी कडेला ठेवी. त्याच्यामुळे गाड्या वेळेवर निघत, आणि गाड्या वेळेवर निघाल्या की मला जागा मिळे.

आता अवस. घाटावरचे गाडीवाले अमावास्येला अवस म्हणतात, आणि अवसेला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. मालाचा खोळंबा होवो, ठरलेली होडी सुटून जावो, त्या दिवशी बैल मोकळा. त्याला धुवायचं, शिंगांना तेल लावायचं, हिरवा चारा घालायचा. मला ही चाल फार आवडे. माणसाने जनावराला दिलेला शब्द होता तो, आणि पाहायला कुणी नसताना पाळलेला. पण मुकादमाला अवस म्हणजे संकट. आदल्या संध्याकाळी वाटेवरची प्रत्येक गाडी धापा टाकत तळ गाठायला बघे. उद्या हलायचंच नाही, तर पाणी आणि सोबत असलेल्या जागी थांबावं, हा साधा हिशेब.

त्यावर मी एक युक्ती काढली होती. उद्या कुणीच निघणार नाही, तर बोळ हवेत कशाला? निघण्याचा क्रम हवा कशाला? अवसेच्या आदल्या दिवशी मी बोळ बुजवून टाकी. चाकाला चाक, दांडीवर दांडी, आणि दोन रांगांमध्ये जेमतेम बैल बांधण्यापुरती फट. गाडीवाले तिला 'अवसेची बांधणी' म्हणत. एरवीपेक्षा कितीतरी जास्त गाड्या मावत. शेठ फाटकाशी उभे राहून ते कौतुकाने बघत आणि मला म्हणत, "मुकादम, तुम्ही डब्यात लाडू भरायला पाहिजे होतात." मला तेव्हा त्याचा अभिमान वाटे. अजूनही थोडा वाटतो.

पौषातली ती अवस. भात नुकतं गिरणीवरून निघालेलं, रस्ते कोरडे, त्यामुळे तळावर एवढी गर्दी मी आधी पाहिली नव्हती. सगळं भरून झालं तरी मधोमध एक आखूड खाच राहिली. पुरी गाडी तिच्यात बसेना आणि मला ती डोळ्यांनी बघवेना. तेवढ्यात किसन आला. अवसेला त्याचाही भाता बंद असतो, म्हणजे विस्तवाची भीती नाही. त्याची बुटकी गाडी त्या खाचेत अशी बसली की जणू मापाने केली होती. मी स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळचे बैल धुऊन झाले होते, लोक भाकऱ्या खाऊन अंगं टाकत होते, तेव्हा किसन गाड्यांच्या खालून रांगत माझ्यापर्यंत आला. रांगतच यावं लागलं, कारण चालायला वाट नव्हती. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मुकादम, गंगीला कळा लागल्या."

"अरे, तिला तर अजून महिना आहे म्हणालास ना?"

"म्हनलो होतो. पन पहाटेपास्नं लागल्यात. बोलंना झालीय."

मी त्याच्यामागे रांगत गेलो. गंगी गाडीखाली गोधडीवर पडली होती. दोन्हीकडून चाकं, वर गाडीचा साटा, उशापायथ्याला दुसऱ्यांच्या दांड्या, आणि हातभर अंतरावर कुणाचे तरी बैल शेपट्या हलवत. तिला कूस वळायला जागा नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंडात पदराचा बोळा घातला. माझी बायको त्याच दिवसांत ठाण्याला माहेरी पहिल्या बाळंतपणासाठी गेली होती. तिच्याभोवती आई होती, आत्या होती, कोनाड्यात समई होती, दाराला पडदा होता. इथे मी जागेचा इतका सुरेख उपयोग करून ठेवला होता की बाळाला जन्माला यायला वीतभर शिल्लक नव्हती.

एक माणूस मी धर्मशाळेत पळवला. तिथल्या कारभाऱ्याने सांगितलं, जागा आहे, पण परक्या बाईचं बाळंतपण झालं तर दहा दिवस विटाळ, आणि वर यात्रेकरू उतरलेले, क्षमा करा. पलीकडच्या दोन घरांतूनही तेच. त्यांनाही मी फार दोष देत नाही. तेव्हाची रीतच तशी होती. सुईणीला बोलावलं तर ती मुरबाडच्या वाटेवर कुठल्या गावी गेलेली.

तेवढ्यात पूर्वेच्या कोपऱ्यातून हिरूबाय आली. आली म्हणजे गाड्यांवरून आली, गव्हाच्या पोत्यांवर पाय देत, शिव्या ऐकत आणि देत. खाली उतरून गंगीच्या पोटावरून हात फिरवला. मग वर बघून मला म्हणाली, "पोर तिरकं हाय. हिला आता उचलून नेव नको, वाटंवर काय झालं तर दोन्ही जातील. हिला बसवाया पायजे, चार पावलं फिरवाया पायजे, म्होरं एक बाई, मागं एक बाई. पानी तापवाया चूल पायजे. मना इथंच जागा दे."

"हिरूबाय, जागा कुठून देऊ?"

"ते मना काय इचारतंस? जागेचा मुकादम तू."

एवढ्या वर्षांत ती एकदाच मला मुकादम म्हणून मानानं बोलली होती, आणि तेही अशा वेळी.

गंगीच्या दोन्ही बाजूंना सिन्नरकडच्या खंडूबाबाच्या गव्हाच्या गाड्या होत्या. खंडूबाबा म्हणजे घाटावरच्या गाडीवाल्यांतला वडीलधारा. पांढऱ्या मिशा, गळ्यात माळ, आणि त्याने मान हलवली की पन्नास माणसं हलत. मी त्याला म्हटलं, "बाबा, गाड्या हलवायच्या आहेत. बैल जुंपायला सांगा."

"आज?" तो म्हणाला.

"बाईचा जीव जातोय."

"मुकादम, हिच्या जागी माजी सून बी असती की. पन आवसंला बैलाच्या मानंवर जू ठिवायचं न्हाई. माज्या बापानं ठिवलं न्हाई, म्या ठिवायचो न्हाई." मग हळू म्हणाला, "आन दुसरं आसं, ह्यो गहू एका लग्नघरचा हाय. बाजूला बाळंतीन झाली तर इटाळाचा गहू मांडवात कसा द्यायचा?"

मी चिडलो. फार चिडलो. पण तळावर ओरडून एक चाकसुद्धा हलत नाही, हे मला धंद्याने शिकवलं होतं. मी चिंचेखालच्या दगडावर चढलो आणि तळाकडे नीट पाहिलं. गाड्या पाहिल्या, फटी पाहिल्या, आणि फटींत उभे असलेले बैल पाहिले. तेव्हा मला दिसलं. जू ठेवायचं नाही, पण दावं धरून न्यायला कुणाची आडकाठी होती? बैल तळाबाहेर गेले तर प्रत्येक रांगेत फट मोकळी होणार होती. गाडी काढायला रस्ता नव्हता, पण प्रत्येक गाडी आपल्या जागी वीतभर सरकली तर? वीत इकडे, वीत तिकडे, आणि त्या सगळ्या वितांची मिळून मधोमध एक खोली.

मी दगडावरूनच ओरडलो, "बैल खाडीकाठी न्या! जू नको, नुसतं दावं! आणि मग प्रत्येकाने आपली गाडी वीतभर सरकवा. पूर्वेकडचे पूर्वेला, पश्चिमेकडचे पश्चिमेला!"

बैल एकामागे एक फटींतून बाहेर निघाले. शिंगांना तेल लावलेले, सुट्टीच्या ऐटीत, कुणाची घाई नसलेले. तेवढा वेळ मला फार मोठा गेला. ते फाटकाबाहेर गेले, आणि आता भरल्या गाड्या ओढायच्या कुणी, हा प्रश्न राहिला.

खंडूबाबाने मुंडासं काढलं. आपल्याच गाडीचं जू उचललं आणि मान खाली घातली.

"बाबा, तुम्ही नको!" त्याची माणसं धावली.

"बैलाला सुट्टी हाय, मला कोन दिलीय? धरा तिकडनं."

मग काय विचारता. जो तो जुवाखाली. कुणी दांडीला, कुणी चाकाच्या आऱ्यांना, कुणी मागून पाठ लावून. "हाऽऽ ह्या!" म्हणून ते स्वतःलाच हाकत होते. एक जण दुसऱ्याला म्हणत होता, "पाय उचल, ढवळ्या!" भीतीच्या मधोमध लोक हसत होते. मी दगडावरून हात करत होतो, इकडे, बस्स, तिकडे अजून जरा, बस्स. पूर्वेच्या टोकाला हिरूबायची बोंबलाची गाडी पार गडग्याला घासली. पश्चिमेच्या टोकाला गुळाची गाडी विहिरीच्या कठड्याला टेकली, आणि माझे सगळे नियम त्या दिवशी पाण्यात गेले.

मधोमध जागा उघडली. फार नाही, चांगल्या स्वैपाकघराएवढी. किसनची गाडी त्यातून उचलून बाजूला ठेवली, अक्षरशः उचलून.

पण गव्हाच्या गाड्या अजून शेजारीच होत्या, आणि खंडूबाबा घाम पुसत त्यांच्याकडे बघत होता. त्याची अडचण मला कळत होती. ज्याने इतकं केलं त्याला आता आणखी काय सांगायचं? तेव्हा बाळकुमचा चांगो पुढे आला. हा खाडीवरच्या मिठागरांचं मीठ घाटावर नेणारा आगरी, सहसा तोंड न उघडणारा.

"मुकादमा, माजे गारीवर मीठ हाय. गोण्या लावू मधी?"

"आणि तुझ्या मिठाला विटाळ झाला तर?"

"मिठाला कसला इटाल?" चांगो म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

मी खंडूबाबाकडे पाहिलं. त्याने क्षणभर विचार केला आणि मान हलवली. मिठाची भिंत मध्ये असेल तर गव्हाला बाधा नाही, हे त्याला पटलं. कुठल्या शास्त्रात हे आहे का, मला ठाऊक नाही. असेल तर बरं, नसेल तर घालायला हवं. चांगोने आणि त्याच्या भावांनी पाठीवरून गोण्या आणल्या आणि चारी बाजूंनी छातीएवढी भिंत रचली. वरून घोंगड्या टाकल्या. दाराला म्हणून शास्त्रीबुवांच्या जातीच्याच एका यात्रेकरू बाईंनी आपल्या दमणीचा जाड पडदा काढून दिला, आणि आपण स्वतः आत गेल्या. पुढे एक बाई हवी होती ना, ती या झाल्या. मागे हिरूबाय. चूल भिंतीला लागून बाहेर पेटली.

आणि मग आम्ही सगळे पुरुष काही न करता उभे राहिलो. त्यासारखं अवघड काम नाही. आतून हिरूबायचा आवाज येत होता, "चल, पाय टाक... बस आता... घाल जोर, माजे बाय, घाल." गंगीचा आवाज एकदा आला, तो ऐकून किसन जमिनीवर बसला आणि त्याने ऐरणीवर डोकं टेकलं. खंडूबाबा जपमाळ ओढत होता. ऊन गडग्यावरून उतरून पलीकडे गेलं. मी उगाच दोन गाड्यांची चाकं तपासली, दांड्यांना दगड लावले. माझ्या मनात ठाण्याचं ते घर सारखं येत होतं, आणि मी देवाला सांगत होतो की या दोघींत निवड करू नकोस.

दिवे लागायच्या आधी बाळ रडलं.

आधी एकदम लहान आवाज, कोंबडीच्या पिलासारखा. मग तो आवाज चढला, आणि चढतच गेला. घोंगडी बाजूला करून हिरूबाय बाहेर आली, कोपरापर्यंत भिजलेली, केस सुटलेले. "पोरगी हाय," ती म्हणाली, "आन आई बोलतेय. पयलं काय बोलली म्हाईत हाय? 'कोंबड्या डालल्या का' इचारते."

मी चांगोच्या गोणीवर बसलो आणि रडलो. लाज वाटली नाही. आजूबाजूला सगळेच नाक शिंकरत होते. किसन कोंबड्या शोधायला धावला. त्याला तेवढंच सुचलं. खंडूबाबाला त्याच्या माणसांनी एका दगडावर बसवलं आणि मानेवर जुवाचा वळ उठला होता त्याला तेल चोळायला घेतलं. सकाळी बैलांना चोळलं त्याच वाटीतलं. "शिंगं न्हाईत, न्हायतर त्यास्नी बी लावलं असतं," तो म्हणाला, आणि इतका वेळ कोंडलेलं हसू तळावर फुटलं.

गंगी दहा दिवस त्या मिठाच्या खोलीत राहिली. दुसऱ्या दिवशी गाड्या निघाल्या, पण चांगो हलला नाही. मीठ नासत नाही, म्हणाला, आणि घाटावरच्यांना आठ दिवस अळणी खाऊ दे. त्याच आठवड्यात माझा मेहुणा ठाण्याहून आगगाडीने पेढे घेऊन आला. मुलगा झाला होता, दोघं सुखरूप. मी पहिला पेढा गंगीला पाठवला आणि दुसरा, हिरूबाय शहापूरहून परतल्यावर, कोपऱ्यात जाऊन तिला दिला. तिने तो एका घासात खाल्ला आणि म्हणाली, "आता माजी गारी कुठं लावशील?"

"फाटकाशी, चिंचेखाली."

"नको गो बाय! तिथं ऊन लागतं, बोंबील खवट होतील. माजा कोपराच बरा." इतकी वर्षं ती नुसती भांडायला भांडत होती, हे मला तेव्हा कळलं.

अवसेची बांधणी मी त्यानंतरही करत राहिलो. करावीच लागे, गाड्या काही कमी झाल्या नव्हत्या. पण मधोमध किसनची गाडी उभी होती तेवढी जागा मी पुन्हा कधी भरली नाही. चार दगड लावून ठेवले. शेठना ते खटके. "मुकादम, तुमच्यासारखा माणूस आणि एवढी जागा फुकट?" मी सांगे, "शेठ, ती वापरात आहे." ती होतीही. कधी तिथे कुणाची गाय व्याली, कधी कुणाला थंडीताप भरला तर त्याची बाज पडली, एकदा दोन भावांचं वाटणीवरून हातघाईवर आलं तेव्हा दोघांना तिथे बसवून जेवू घातलं. आणि एकदा खुद्द शेठच्या गाडीचा आस मोडला आणि त्यांच्या घरच्या बायका तिथे पडद्याआड बसल्या. त्यानंतर त्यांनी त्या जागेविषयी विचारलं नाही.

पुढे रूळ वाढले, माल परस्पर घाटावर जाऊ लागला, आणि गाड्या रोडावल्या. मी मुकादमकी सोडली तेव्हा तळावर जागाच जागा होती, आणि जागा असली की मुकादमाला कोण विचारतो? त्याचं मला वाईट वाटतं. अमावास्येला दांड्या आणि शिंगं आणि धूर यांनी भरलेला तो तळ आठवला की घरात चैन पडत नाही.

पण सोडायच्या आधीच्या थंडीत एक लहानशी गाडी फाटकातून आत आली. ऐरण, भाता, खुराडं. हाकणारा तरुण घिसाडी माझ्या ओळखीचा नव्हता. वर बसलेली मुलगी नवी नवरी दिसत होती, हातांत हिरवा चुडा. ती उडी मारून उतरली, माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "तुमीच मुकादममामा ना? म्या किसन घिसाड्याची. माजी जागा दावा."

मी तिला मधोमध नेलं. चार दगड होते तसेच होते. ती त्यांच्यामध्ये उभी राहिली, इकडे वळली, तिकडे वळली, चार पावलांत या टोकाची त्या टोकाला गेली आणि माझ्याकडे वळून बघितलं. तिचं तोंड उतरलं होतं.

"येवढीच?" ती म्हणाली. "आई तर सांगायची, लई मोठा वाडा व्हता म्हनून. पांढऱ्या भिंतीचा. दाराला पडदा."

मी म्हटलं, "वाडाच होता पोरी. तुझी आई खोटं कशाला सांगेल?"

तिने मान हलवली, नवऱ्याला हाक मारली, आणि गाडी तिथेच, चार दगडांच्या मध्ये, सोडायला सांगितली. इतक्या वर्षांत तेवढी जागा मी त्या एकाच गाडीला दिली.